कंपायलरची काटकसर

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



छत्तीस गुणिले पंचवीस किती, असं जुन्या पेढीवरच्या दिवाणजींना विचारलं तर ते कागद-पेन्सिल शोधत बसत नसत. छत्तीसवर दोन शून्यं दिली की झाले छत्तीसशे. त्याचा पाव म्हणजे नऊशे. उत्तर तयार! सांगितला होता गुणाकार, त्यांनी केला सोपा भागाकार. उत्तर मात्र तेच. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असलेल्या पिढीला यात काही विशेष वाटत नसे. काम कमी करायचं, पण हिशेबात एका पैचाही फरक पडू द्यायचा नाही, एवढंच त्यामागचं शहाणपण.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो याच शहाणपणाचा आहे. फक्त दिवाणजींच्या जागी आहे एक प्रोग्रॅम. त्याचं नाव कंपायलर.

संगणकाचा प्रोसेसर तसा फार अडाणी असतो. ही संख्या उचल, त्या संख्येत मिळव, तिथे ठेव, शून्य आली तर अमुक ठिकाणी जा, अशा बारीकसारीक आज्ञाच त्याला कळतात. माणसाला अशा लाखो आज्ञा लिहिणं शक्य नाही. म्हणून माणूस सी, सी प्लस प्लस, फोर्ट्रान यांसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो आणि कंपायलर त्याचं भाषांतर प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये करतो. तुमचा मोबाइल, बँकेचं एटीएम, रेल्वेचं आरक्षण, गाडीतलं ब्रेकचं नियंत्रण, या सगळ्यांतल्या आज्ञा कुठल्या ना कुठल्या भाषांतरकाराच्या हातून गेलेल्या असतात.

पण हा भाषांतरकार शब्दाला शब्द ठेवून थांबत नाही. तो आज्ञा तपासतो, अनावश्यक असतील त्या गाळतो, दोन-तीन आज्ञांचं काम एका आज्ञेत बसत असेल तर त्या एकत्र करतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. मराठीत मी त्याला काटकसर म्हणतो.

या काटकसरीची गरज पहिल्या दिवसापासून होती. १९५४ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान भाषेचं काम हाती घेतलं. त्या काळी संगणकाचा वेळ अतिशय महाग होता आणि प्रोसेसरच्या आज्ञा हाताने लिहिणारे कसबी लोक होते. यंत्राने केलेलं भाषांतर आपल्या हाताच्या कामाइतकं चपळ असू शकेल, यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. बॅकस यांनी ओळखलं, की आपला कंपायलर हाताने लिहिलेल्या कामाच्या तोडीस तोड निघाला नाही तर तो कुणी वापरणार नाही. म्हणून गटाने काटकसरीवर विलक्षण मेहनत घेतली. १९५७ च्या एप्रिलमध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी तो कंपायलर बाहेर पडला. गंमत अशी, की त्याने केलेल्या आज्ञांची फिरवाफिरव पाहून खुद्द तो लिहिणारेही चकित होत. हे चुकलंच आहे असं त्यांना वाटे, आणि तपासून पाहावं तर बरोबर निघे!

त्याच वर्षी आयबीएममध्ये फ्रान्सिस अ‍ॅलन नावाची तरुणी रुजू झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या पेरू गावच्या शेतकऱ्याची ही मुलगी गणिताची पदवी घेऊन आली होती. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज फेडायचं आणि मग पुन्हा शिक्षिका व्हायचं, असा तिचा बेत होता. कंपनीने तिला काम दिलं ते तिथल्या शास्त्रज्ञांना फोर्ट्रान शिकवण्याचं. शिकवण्यासाठी तिने कंपायलर आतून वाचून काढला आणि त्यातच ती रमली. पुढे जॉन कॉक यांच्याबरोबर तिने काटकसरीच्या युक्त्यांची पद्धतशीर सूची केली. त्यातली कितीतरी नावं आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार तिला मिळाला. संगणकशास्त्रातला हा सर्वोच्च सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री. २०२० साली तिचं निधन झालं.

आता या युक्त्या आहेत तरी कशा, ते पाहू.

पहिली युक्ती अगदी साधी. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं ‘२४ गुणिले ६० गुणिले ६०’, म्हणजे एका दिवसाचे सेकंद. माणसाला वाचायला हे सोयीचं. पण हा गुणाकार प्रोग्रॅम चालताना दर वेळी करायची गरज काय? कंपायलर तो आधीच करतो आणि ८६,४०० हा आकडा लिहून मोकळा होतो.

दुसरी युक्ती दिवाणजींची. महाग क्रियेच्या जागी स्वस्त क्रिया. आपण दहाने गुणताना शून्य जोडतो. संगणक दोनच्या हिशेबात मोजतो, त्यामुळे आठने गुणायचं तर त्याला अंक तीन घरं डावीकडे सरकवले की पुरतं. पण खरी कमाल आहे ती दहाने भागण्याची. कुठलीही संख्या पडद्यावर दाखवायची तर संगणकाला तिला पुनःपुन्हा दहाने भागून एकेक अंक वेगळा काढावा लागतो. भागाकार ही प्रोसेसरची संथ क्रिया. गुणाकाराच्या कित्येक पट वेळ खाणारी. मग कंपायलर काय करतो? तो त्या संख्येला ३,४३,५९,७३,८३७ या अगडबंब आकड्याने गुणतो आणि उत्तराचे अंक ३५ घरं उजवीकडे सरकवतो. ३५ घरं सरकवणं म्हणजे ३४,३५,९७,३८,३६८ ने भागणं. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पहिला दुसऱ्याचा जवळजवळ बरोबर एक दशांश आहे. जो सूक्ष्म फरक उरतो तो इतका लहान आहे, की शून्यापासून चार अब्जांहून पुढच्या मर्यादेपर्यंतच्या प्रत्येक संख्येचं उत्तर अचूक येतं. टॉरब्यॉर्न ग्रानलुंड आणि पीटर माँटगोमेरी यांनी १९९४ मध्ये ही रीत व्यवस्थित मांडली. आज नावाजलेले कंपायलर ती सर्रास वापरतात.

तिसरी युक्ती आज्ञा एकत्र करण्याची. आधी तीन मिळव, मग पाच मिळव, असं लिहिलं असेल तर कंपायलर एकदाच आठ मिळवतो. एखादी संख्या कपाटात ठेवायची आणि पुढच्याच आज्ञेत तीच बाहेर काढायची, असं असेल तर बाहेर काढण्याची आज्ञा तो रद्द करतो, कारण संख्या हातातच आहे. विल्यम मॅकीमन यांनी १९६५ मध्ये या रीतीला ‘पीपहोल’ असं नाव दिलं. पीपहोल म्हणजे दाराचं भोक. अख्खा प्रोग्रॅम न पाहता, दाराच्या भोकातून दिसाव्यात तशा शेजारशेजारच्या मोजक्या आज्ञा पाहायच्या, आणि त्यांच्या जागी कमी आज्ञा बसवता येतात का ते शोधायचं. गुप्तलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये संख्येचे अंक गोल फिरवावे लागतात. सी भाषेत त्यासाठी डावीकडे सरकव, उजवीकडे सरकव आणि दोन्ही जोड, असं तीन क्रियांत लिहितात. कंपायलर ते ओळखतो आणि ‘गोल फिरव’ ही प्रोसेसरची एकच आज्ञा तिथे ठेवतो.

एकेक युक्ती किरकोळ वाटेल. पण एकीमुळे दुसरीला वाव मिळतो. दुकानाच्या बिलाचा प्रोग्रॅम घ्या. दर गुणिले नग म्हणजे एकूण रक्कम. एकूण गुणिले सुटीचे टक्के भागिले शंभर म्हणजे सूट. एकूण वजा सूट म्हणजे देय रक्कम. आणि सूट शून्याहून जास्त असेल तर बिलावर ‘आपल्याला सूट मिळाली’ असं छापायचं. सगळे हिशेब पूर्ण पैशांत आहेत. आता या दुकानदाराने सूट बंद केली आणि प्रोग्रॅममध्ये सुटीचे टक्के कायमचे शून्य असं लिहिलं. कशालाही शून्याने गुणलं की शून्य, म्हणून गुणाकार गेला. शून्य भागिले शंभर शून्य, म्हणून भागाकार गेला. एकूण वजा शून्य म्हणजे एकूणच, म्हणून वजाबाकी गेली. शून्य हे शून्याहून मोठं कधीच नसतं, म्हणून तपासणी गेली आणि तिच्यामागचं छापणंही गेलं. चार ओळींचा एक गुणाकार उरला.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना मला हमखास एक प्रश्न येतो. ‘सर, मुळात नीटच लिहिलं तर कंपायलरला हे करावं कशाला लागेल?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की प्रोग्रॅम माणसांनीही वाचायचा असतो. आज सूट नाही, उद्या असेल. तेव्हा चारही ओळी लागतील. शिवाय माणसाने एक ओळ लिहिली तरी भाषांतरात तिच्या अनेक आज्ञा होतात आणि त्यांत पुनरुक्ती येतेच. ती लिहिणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. याच पुनरुक्तीवर आपल्याकडेही मोलाचं काम झालं आहे. तोच हिशेब प्रोग्रॅमच्या काही वाटांवर पुन्हा होतो आणि काहींवर होत नाही, तेव्हा तो नेमका कुठे हलवायचा हा एक अवघड प्रश्न आहे. फ्रान्समधल्या मोरेल आणि रेनव्हाझ यांनी १९७९ मध्ये त्याची एक रीत मांडली, आणि पवईच्या आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी ती पुढे नेली. त्यांचे विद्यार्थी प्रा. उदय खेडकर यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये या विश्लेषणाच्या शास्त्रावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

इथवर सगळं गोड आहे. पण श्रोतेहो, ‘उत्तर तेच’ असं आपण मघापासून म्हणतोय, त्यातल्या ‘तेच’ या शब्दाकडे आता नीट पाहू या. खरी मेख तिथे आहे.

एखाद्या संख्येला दोनने गुणून दोनने भागलं तर तीच संख्या मिळते, हे तिसरीतलं मूलही सांगेल. मग कंपायलरने या दोन्ही क्रिया गाळायला काय हरकत आहे? हरकत अशी, की संगणकातल्या संख्येला घरं मोजकी असतात. गाडीचं मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं, तसंच इथे होतं. ३२ घरांच्या संख्येत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात. तीनशे कोटींना दोनने गुणलं तर सहाशे कोटी मावत नाहीत. मीटर फिरतं आणि उरतात १,७०,५०,३२,७०४. त्याचं निम्मं ८५,२५,१६,३५२. कुठे तीनशे कोटी आणि कुठे हे! सी भाषेच्या नियमांत चिन्हविरहित संख्यांसाठी हे मीटर फिरणं अधिकृत आहे. म्हणून तिथे कंपायलरने क्रिया गाळल्या तर ती चूक ठरेल. अधिक-उणे चिन्ह असलेल्या संख्यांसाठी मात्र नियम म्हणतो, की मर्यादा ओलांडली जाणार नाही ही जबाबदारी लिहिणाऱ्याची. म्हणून तिथे क्रिया गाळायला मोकळीक आहे. ओळ तीच, पण एकीकडे काटकसर योग्य आणि दुसरीकडे अयोग्य.

अपूर्णांकांचंही तसंच. दर टप्प्याला पैसे पूर्णांकात आणायचे की शेवटी एकदाच, यावरून बिलात फरक पडतो, हे व्यापाऱ्यांना ठाऊक असतं. संगणकाला अपूर्णांकांचे पंधरा-सोळा अंक लक्षात राहतात, पुढचे तो सोडतो. पुष्कळ प्रोसेसरमध्ये गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारी आज्ञा आहे. तिच्यात अंक एकदाच सोडले जातात, वेगवेगळ्या आज्ञांत दोनदा. एकत्र केलेलं उत्तर बहुधा जास्त अचूक असतं, पण ‘तेच’ नसतं. म्हणून या बाबतीत काटकसर हवी की नको, हे कंपायलरला सांगण्याची सोय ठेवलेली असते.

आता सुरक्षिततेचा प्रश्न. २००९ च्या जुलैमध्ये लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यातली एक त्रुटी ब्रॅड स्पेंगलर यांनी उघड केली. त्या भागात प्रोग्रॅम एका पत्त्यावरून माहिती उचलत होता आणि पुढच्या ओळींत तो पत्ता शून्य तर नाही ना, हे तपासत होता. हा क्रमच उलटा. कॅशियरने आधी पैसे द्यावे आणि मग चेकवरची सही पाहावी, तसा! जीसीसी या कंपायलरने यावर तर्क केला. शून्य पत्त्यावरून माहिती उचलायची नाही, असा भाषेचा नियम आहे. इथे तर उचललेली आहे. म्हणजे पत्ता शून्य असणं शक्य नाही. मग तपासणी कशाला? त्याने तपासणी गाळली. तर्कात खोट नव्हती. पण प्रणालीच्या गाभ्यात शून्य पत्त्यावर हल्लेखोराला स्वतःची माहिती पेरून ठेवता येत होती. तपासणी शाबूत असती तर ती आडवी आली असती. ती गेल्यामुळे हल्लेखोराला अख्ख्या संगणकाचा ताबा घेण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर लिनक्सचा गाभा भाषांतरित करताना ‘शून्य पत्त्याच्या तपासण्या गाळू नकोस’ असं कंपायलरला बजावलं जाऊ लागलं.

दुसरं उदाहरण पासवर्डचं. काम झालं की स्मृतीतला पासवर्ड पुसून टाकावा, म्हणून सावध प्रोग्रॅमर त्याच्या जागी शून्यं लिहितो. कंपायलर पाहतो, की ही शून्यं पुढे कुणीच वाचत नाही. न वाचलेलं लिहिणं म्हणजे वाया गेलेलं काम! तो पुसणंच गाळतो आणि पासवर्ड तसाच मागे राहतो. भाषेच्या नियमांना ‘गुपित’ ही कल्पनाच ठाऊक नाही. उत्तर काय येतं एवढंच त्यांना कळतं. अखेर ‘सी २३’ या आवृत्तीत, गाळायचं नाही असं पुसणं सांगणारी खास आज्ञा घालावी लागली.

या दोन्ही ठिकाणी कंपायलर नियमाने वागला. पण खुद्द कंपायलरमध्येच चूक असली तर? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सीस्मिथ’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. तो अंदाधुंद पण नियमांत बसणारे सी प्रोग्रॅम लिहून ते कंपायलरांना देई आणि उत्तरं ताडून पाही. तीन वर्षांत ३२५ हून अधिक नव्या चुका सापडल्या, असं त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. तपासलेल्या प्रत्येक कंपायलरने कधी ना कधी बरोबर प्रोग्रॅमचं निमूटपणे चुकीचं भाषांतर केलं होतं. एलएलव्हीएम या कंपायलरमध्ये आज्ञा एकत्र आणि सोप्या करणारा एक स्वतंत्र भाग आहे, ‘इन्स्टकंबाइन’ नावाचा. त्यात मघासारख्या छोट्या युक्त्या मोठ्या संख्येने आहेत. २०१५ मध्ये नुनो लोपेस, डेव्हिड मेनेंडेझ, संतोष नागरकट्टे आणि जॉन रेगर यांनी त्यांतल्या तीनशेहून अधिक युक्त्या गणिती सिद्धतेच्या कसोटीवर घासल्या. आठ चुकीच्या निघाल्या. जाणकारांनी लिहिलेल्या, जाणकारांनी तपासलेल्या आणि रोज वापरात असलेल्या.

यावर उपाय शोधणारेही आहेत. फ्रान्समध्ये झाव्हिए लेरॉय यांच्या गटाने कॉम्पसर्ट हा कंपायलर लिहिला. त्याचा अर्थ न बदलण्याचा दावा संगणकाच्याच मदतीने पायरीपायरीने सिद्ध केलेला आहे. सीस्मिथच्या परीक्षेत त्याच्या सिद्ध केलेल्या भागात चुकीचं भाषांतर सापडलं नाही. मात्र जितकं सिद्ध करता येतं तितकीच काटकसर तो करतो, त्यामुळे त्याने दिलेल्या आज्ञा जीसीसीच्या कडक काटकसरीइतक्या चपळ नसतात. विमानाच्या नियंत्रणासाठी हा सौदा परवडतो. रोजच्या खेळांना आणि छायाचित्रांना तो परवडत नाही.

मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणांनी काय करावं? मी त्यांना तीन गोष्टी सांगतो. एक, आठने गुणायचं असेल तर आठने गुणा असंच लिहा. घरं सरकवण्याची हुशारी कंपायलरला तुमच्याहून चांगली जमते. दोन, आपल्या भाषेचे नियम नीट वाचा. विशेषतः ‘अमुक होणार नाही ही जबाबदारी लिहिणाऱ्याची’ असं जिथे म्हटलं आहे, ती पानं. तीन, तपासणी वापराच्या आधी करा. सही पाहा, मगच पैसे द्या.

आणि ज्यांना प्रोग्रॅमशी काही देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी एवढंच. १९५७ साली लोक विचारत होते, की यंत्राचं भाषांतर पुरेसं वेगवान असेल का? त्याचं उत्तर केव्हाच मिळालं. आता विचारायचं ते हे, की काम वाचवताना त्याने नेमकं काय गाळलं आणि ते कुणी पडताळलं? बँकेच्या, इस्पितळाच्या, मतदानाच्या यंत्रांबद्दल बोलताना हा प्रश्न विचारायला संगणकाची पदवी लागत नाही. दिवाणजींच्या वह्यासुद्धा वर्षअखेरीला कुणीतरी तपासतच असे.